एका ढगाचं समन्यायी वाटप

मानवजातीच्या इतिहासातले तीन क्षण सुवर्णाक्षरांनी लिहावे लागतील. पहिला, माणसानं अग्नी काबूत आणला तो. दुसरा, त्यानं चाक फिरवलं तो. आणि तिसरा, त्यानं आकाशातल्या ढगाकडे बोट करून 'इथं नाही, तिथं पड' असं फर्मावलं आणि ढगानं ते निमूट ऐकलं, तो. युगानुयुगं देवाच्या हातात असलेला पाऊस त्या क्षणी माणसाच्या हातात आला.

माणसाच्या म्हणजे तालुका पर्जन्य वाटप कार्यालयाच्या. हे कार्यालय माणदेशातल्या एका तालुक्याच्या गावी, बंद पडलेल्या दूध संकलन केंद्रात होतं. भिंतींना अजून आंबूस वास येत असे. खुर्च्या तीनच मंजूर होत्या आणि ईश्वरी पुकळे चौथी.

ईश्वरी पदार्थविज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला होती. पदवी हवी तर दोन महिने शासकीय आंतरवासिता करा, असा नियम निघाला होता. तिनं पसंती दिली होती अंतराळ विभागाला. संगणकानं पत्ता पाहिला, घर बोरजाई गावात, एसटीनं अर्ध्या तासावर तालुका. त्यानं तिला इथं टाकलं. आकाशाशी संबंध आहे, एवढ्यावर तिनं समाधान मानावं, असा त्याचा हिशोब असावा.

"ये बाळ, बस," तालुका पर्जन्य अधिकारी दिगंबर ऐवळे पहिल्या दिवशी प्रेमानं म्हणाले. मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाले, "म्हणजे, उभ्याउभ्याच ऐक."

ऐवळे साहेबांची निवृत्ती जवळ आली होती. सरळ माणूस. आयुष्यात त्यांनी कुणाचा चहासुद्धा फुकट घेतला नव्हता आणि कुठलाही निर्णय पहिल्यांदा घेतला नव्हता. एका कार्यालयात एक सद्गुण मावतो. साहेबांनी दोन माववून दाखवले होते.

पुढचे पंधरा दिवस ईश्वरी ड्रोनच्या रिकाम्या खोक्यावर बसली. खोक्यावर 'नाजूक वस्तू, वर वजन ठेवू नये' असं छापलं होतं. शासनाच्या सेवेत शिरताना विद्यार्थ्याला वाटतं, आपल्याला काम फार सांगतील. खरं दुःख वेगळंच असतं. सांगायला काम नसल्यामुळे समोरच्या माणसाला जो संकोच वाटतो, तो आपल्याला बघवत नाही. साहेब रोज सकाळी तिला पाहून दचकत, मग काहीतरी आठवल्यासारखं करून म्हणत, "तुला ते जोडता येतं ना गं? बैठकीचं?" ती बैठक जोडून देई. साहेब स्वतःचा आवाज बंद ठेवून दोन तास बोलत. ती आवाज चालू करून देई. मग दुपार होई आणि साहेब डब्यातली अर्धी भाकरी तिच्यापुढं सरकवत.

लिहायलाही त्यांनीच शिकवलं. तिनं पहिल्या टिपणीत 'हिवरगावात पाऊस पडला' असं लिहिलं, तेव्हा साहेबांनी ते वाक्य लाल शाईनं खोडलं.

"पडला म्हटलं की कुणी पाडला, हा प्रश्न येतो. 'पर्जन्य प्राप्त झाल्याचे आढळून येते,' असं लिही. आपल्याला फक्त आढळतं, बाळ. आपण काही करत नाही."

पण करत होते. सहा ड्रोन होते आणि ते उडवायला शबाना नदाफ होत्या. पूर्वी त्या डाळिंबावर औषध फवारायचे ड्रोन चालवत. सरकारात आल्यावर पगार वाढला आणि वास गेला, एवढंच त्या या नोकरीबद्दल बोलत. ईश्वरीला विज्ञान कळलं ते कार्यालयामागं ड्रोनसाठी उभारलेल्या त्यांच्या तंबूत.

ढग म्हणजे पाण्याच्या कणांची जत्रा. पण एकेक कण इतका बारीक, की खाली पडणं त्याच्या मनातही येत नाही. पडण्याजोगा एक थेंब व्हायचा तर तसे लाखो कण एकमेकांना चिकटावे लागतात, आणि तेच होत नाही. मोठा कण जवळ आला, की लहान कण हवेच्या झोतावर त्याला वळसा घालून निघून जातो. ड्रोन ढगात शिरून काही कणांना विजेचा भार देतो. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढून घेतो, तसे हे भारलेले कण शेजारच्यांना ओढतात. एकाच्या अंगी भार आला की बाकीचे आपोआप त्याला चिकटतात. राजकारणात ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक होती. ढगांत ती नव्यानं कळली. कण वाढतो, थेंब होतो, पडतो.

एक मर्यादा मात्र होती, आणि सगळी गंमत तिच्यातच होती. ढग तयार करता येत नाही. जो आला आहे, तो कुठं रिकामा करायचा, तेवढं ठरवता येतं. म्हणजे एका गावाला दिलेला प्रत्येक थेंब दुसऱ्या गावाला न दिलेला असतो. पूर्वी पाऊस आला नाही तर लोक वर बघून दोन शिव्या देत आणि कामाला लागत. वरचा ऐकून घेई, उत्तर देत नसे. व्यवहार चोख होता. आता पाऊस आला नाही तर लोक ऐवळे साहेबांकडे येत. साहेबांना उत्तर द्यावं लागे.

त्यावर वरच्या कार्यालयानं तोडगा काढला होता: समन्यायी वाटप. ढग आला की तो तालुक्यातल्या त्याच्या वाटेवरच्या सगळ्या गावांना सारखा वाटायचा. यंत्रणेच्या पडद्यावर बटण एकच होतं: 'समान'. मागच्या वर्षी एक भलामोठा ढग आला. तो गावोगाव इतका काटेकोर वाटला गेला, की प्रत्येक गावाच्या वाट्याला गाड्यांच्या काचा घाण होतील एवढा पाऊस आला. तळी भरली नाहीत, विहिरींना कळलंसुद्धा नाही. पण पक्षपाताची एकही तक्रार आली नाही. त्याबद्दल कार्यालयाला ढाल मिळाली. ती साहेबांच्या मागं कपाटावर होती आणि साहेब तिच्याकडे कधी बघत नसत.

घरी मात्र ईश्वरीची फार मोठी बढती झाली होती.

"आमची पोरगी पावसाच्या हापिसात हाय," तिच्या वडिलांनी, सोपानअण्णांनी, पहिल्याच आठवड्यात गावभर सांगून टाकलं. जिला बसायला खुर्ची नव्हती, तिला लोक फोन करून ढगाबद्दल विचारू लागले. चुलत आत्यानं साखरपुड्याची तारीख कळवली. शाळेतल्या सरांनी क्रीडा स्पर्धांची. ईश्वरी सांगायची, "अहो, मी फक्त बैठक जोडून देते." लोक डोळे मिचकावत. मोठी माणसं असंच बोलतात, हे त्यांना माहीत होतं.

अण्णांचं बेदाण्याचं शेड होतं. एप्रिलमध्ये द्राक्षं द्रावणात बुडवून जाळ्यांवर पसरतात आणि पंधरवडाभर कोरड्या वाऱ्यावर सोडतात. वर छप्पर असतं, पण वळवाचा पाऊस वरून येत नाही, आडवा येतो. एक सर आत घुसली की हिरवा बेदाणा काळा पडतो. बाजूनं ताडपत्र्या ओढाव्यात तर वारा कोंडून माल आंबतो. त्या वर्षी अण्णांनी बाग खुडून सगळा माल एकदम जाळीवर घातला होता. वर्षाची कमाई वाऱ्यावर होती, आणि हे अक्षरशः खरं होतं.

आणि बोरजाईच्या उत्तरेला तरसवाडी. ते ईश्वरीचं आजोळ. तिथलं तळं आटून त्याच्या तळाला भेगा पडल्या होत्या. विलासमामा एका संध्याकाळी मोटरसायकलवर कैऱ्यांची पिशवी घेऊन आला, तेव्हा भाचीनं ओळखलं, मामा कैऱ्यांसाठी आलेला नाही.

"इशे, आता तूच सरकार," मामा ताटावर बसता बसता म्हणाला. "एक पाऊस टाक की तरसवाडीवर. जनावरं टँकरच्या आवाजावर हंबराय लागलीत."

"पाव्हणं," अण्णा घास थांबवून म्हणाले, "माझा माल जाळीवर हाय."

"दाजी, तुमचा बेदाणा आन् आमची जनावरं, ह्यात काय तरी फरक हाय का न्हाय?"

"हाय की. जनावरं भिजली तर झटकून मोकळी हुत्यात."

"मग भिजू द्या की बेदाणा. काळा झाला तर आमच्या म्हशीस्नी घाला. तेवढ्याच तरतरीत हुतील."

"म्हशीची काळजी घेता, तशी बहिणीच्या संसाराची घ्या जरा!"

"जेवताना पाऊस नको," आई भाकरी वाढत म्हणाली. "भाकरी ओली हुती."

आईची अडचण सगळ्यांत मोठी होती. तिला नवरा कोरडा हवा होता आणि माहेर ओलं. ती दोघांच्याही ताटात सारखीच आमटी वाढत होती, आणि ईश्वरीला ते बघून कपाटावरची ढाल आठवली.

मंगळवारी संगणकानं ढग दाखवला. गुरुवारी दुपारी, दक्षिणेकडून, चांगला घसघशीत. ईश्वरी खोक्यावर बसून स्वतःच्या लॅपटॉपवर हिशोब करत राहिली. वारा, उंची, ढगाचा वेग. दुपारपर्यंत तिला जे दिसलं, त्यानं ती खोक्यावरून उठून उभीच राहिली.

"साहेब! हा ढग आधी बोरजाईवरून जातो, मग हिवरगाव, मग तरसवाडी. वाटेत त्याला हातच लावायचा नाही. तरसवाडीच्या तळ्यामागं डोंगर आहे, त्याच्यावर सगळा भार सोडायचा. पाणी ओढ्यानं सरळ तळ्यात. जनावरांना पावसाळ्यापर्यंत पुरेल. आणि खालच्या गावातले बेदाणे कोरडेच राहतील. वाटून दिला तर मात्र बेदाणा काळा पडेल आणि तळ्यातल्या भेगासुद्धा ओल्या होणार नाहीत."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. सगळे आकडे नीट पाहिले. त्यांचा चेहरा खुलत गेला. बऱ्याच वर्षांत त्यांच्या टेबलावर शहाणपणाचं काही आलं नव्हतं.

"सुरेख. तरसवाडीत तुझं कोण आहे गं?"

"मामा."

"आणि बोरजाईत?"

"वडील. शेड आहे आमचं."

साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला आणि कागद तिच्याकडे सरकवला.

"चुकीचा निर्णय असता तर मी डोळे झाकून सही केली असती, बाळ. चुकीच्या निर्णयात कुणी हेतू शोधत नाही. चौकशी बरोबर निर्णयाची होते."

"पण साहेब, हिवरगावातले बेदाणेवाले माझे कुणी नाहीत. तरसवाडीतल्या म्हशी तर नाहीतच."

"एक तरी मामाची असेल."

"दोन आहेत."

"बघ," साहेब म्हणाले.

ती हट्टाला पेटली. "साहेब, एक विचारू? या कार्यालयानं आजवर कुठल्या एका गावाला पोटभर पाऊस दिलाय का?"

साहेबांनी 'समान'चा प्रस्ताव तालुक्याच्या वाटप समितीपुढं ठेवायला सांगितला. त्या दुपारी त्यांनी भाकरी सरकवली, पण स्वतः खाल्ली नाही.

गुरुवारी जेवणं आटोपायच्या आतच दक्षिणेचं आभाळ काळवंडलं. समितीची बैठक ईश्वरीनं जोडून दिली. अध्यक्ष महोदय गाडीत होते आणि घाटात होते. त्यांचं प्रत्येक वाक्य अर्ध्यात खोल दरीत जाई. एका सदस्यानं आपल्या सासुरवाडीचा समावेश करण्याची सूचना मांडली. ती दुसऱ्या तालुक्यात होती. दुसऱ्यानं तिला अनुमोदन दिलं. समितीनं काहीच ठरवलं नाही तर ढग हद्दीत शिरताच यंत्रणा आपली आपण 'समान' वाटप सुरू करणार होती. तशी तिला शिकवण होती.

नदाफबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "साहेब, ढग काही थांबायचा नाही. त्याला बैठकीचा भत्ता मिळत नाही."

तेवढ्यात ईश्वरीचा फोन वाजला. अण्णा.

"इशे, वर काळं झालंय. ताडपत्र्या ओढू का नको? एवढंच सांग. ओढल्या तर माल आंबतोय, न्हाय ओढल्या तर भिजतोय."

ती साहेबांकडे बघत राहिली. तिच्याच्यानं खोटं बोलवेना आणि खरं अजून ठरायचं होतं.

"अण्णा, मला सांगता येत नाही."

"झाली गं झाली," अण्णा म्हणाले, "पोरगी सरकारी झाली." फोन बंद.

ऐवळे साहेब उठून खिडकीशी गेले. ढग आता नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. संगणकावरच्या ढगापेक्षा तो फारच मोठा होता आणि त्याच्या कडेला ऊन लागलं होतं. मागं पडद्यावर अध्यक्ष महोदय दरीतून विचारत होते, "माझा आवाज येतोय का?"

"तुझं स्वतंत्र प्रात्यक्षिक झालं का गं?" साहेबांनी पाठमोरंच विचारलं.

"कसलं?"

"आंतरवासितेतलं. प्रशिक्षणार्थीनं एक प्रात्यक्षिक स्वतः करायचं असतं. आजवर कुणी केलेलं नाही, कारण आजवर कुणी आलेलंच नाही. प्रात्यक्षिक चालू असताना यंत्रणा शिकणाऱ्याच्या हातात. वाटप बंद."

ईश्वरीला समजायला एक क्षण लागला. मग दुसरं काही समजलं.

"साहेब, चुकलं तर?"

"तू नापास."

"आणि जमलं तर?"

"कार्यालयाची उल्लेखनीय कामगिरी." साहेब वळले. त्यांचे कान लाल झाले होते. "असंच असतं ते. मी काही तुला फसवत नाही. पण दुसरा कुणी असता तर पर्यवेक्षकाची सही त्यानं पाऊस पाहून मग केली असती. मी आत्ता करतो."

आणि त्यांनी प्रात्यक्षिकाच्या कागदावर ती केली. त्याच कागदावर त्यांनी तिच्याकडून ठळक अक्षरांत लिहून घेतलं: 'बोरजाई येथील शेड माझ्या वडिलांचे आहे. तरसवाडी हे माझ्या मामाचे गाव आहे.' तो कागद स्वतः नेऊन त्यांनी बाहेरच्या सूचना फलकावर डकवला. "झाकलं की भानगड. लावलं की माहिती," ते म्हणाले. कुणाचीही हरकत आली नाही. त्या फलकाकडे बघायची सवय तालुक्यात कुणालाच नव्हती.

सहा ड्रोन भिरभिरत वर गेले. उडवणं नदाफबाईंचं, भार कुठं आणि केव्हा सोडायचा, ते ईश्वरीनं सांगायचं. हिशोब लॅपटॉपवर होता, पण वाऱ्यानं तो वाचलेला नव्हता. ढग अंदाजापेक्षा सावकाश निघाला. बोरजाईवर येऊन तो चक्क रेंगाळला, पाव्हण्यासारखा.

"आता?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

बोरजाईवर विजेची एक रेघ चमकली. ईश्वरीनं डोळे मिटले. जाळ्या, हिरवे बेदाणे, शेडच्या खांबाला टेकून वर बघणारे अण्णा, सगळं तिला मिटल्या डोळ्यांनी दिसलं.

"आता तरी?"

"साहेब, पर्यवेक्षकांनी बोलायचं नसतं."

"बरं," म्हणून साहेबांनी तोंडावर हात ठेवला.

ढग हलला. हिवरगाव मागं पडलं. तरसवाडीचा डोंगर कॅमेऱ्यात आला, तपकिरी, बोडका, मधे एकच बाभळ.

"सोडा, मॅडम."

काही झालं नाही. मग कॅमेऱ्याच्या काचेवर एक थेंब आपटला. मग दुसरा. मग काच पांढरी झाली आणि काहीच दिसेना. नदाफबाई ड्रोन ओढून घेता घेता पुटपुटत होत्या, "अल्ला, अल्ला, सहाच्या सहा परत येऊ देत." पाच आले. सहावा बाभळीत सापडला.

मामाचा फोन आला. पडद्यावर नुसतं पाणी होतं आणि आवाज नुसता पत्र्याचा होता. त्यातून मामा ओरडत होता, ते एकही अक्षर कळलं नाही, पण ऐवळे साहेबांनी ते अगदी शेवटपर्यंत ऐकलं. समितीची बैठक मागं चालूच होती.

अण्णांना फोन लावायला ईश्वरीचा हात धजेना. शेवटी त्यांचाच आला.

"चार थेंब आलं. गेलं."

"ताडपत्र्या?"

"न्हाय ओढल्या."

"का पण?"

"तू सांगता येत न्हाय म्हणालीस, पर तुझ्या आवाजात रडू नव्हतं. म्हणलं, पोरीला काय तरी ठाव हाय."

ईश्वरीला त्या वेळी कशाचाच पत्ता नव्हता. हे तिनं अण्णांना आजतागायत सांगितलेलं नाही.

इथं खरं तर सगळ्यांनी सुखानं नांदायला हरकत नव्हती. तळं निम्मं भरलं. बेदाणा काचेसारखा हिरवा उतरला. पण विज्ञान पाऊस पाडू शकतं. माणसाचं काय करायचं, त्यावर अजून संशोधन चालू आहे. चार दिवसांनी कार्यालयात पहिली तक्रार आली. तक्रारदार, सोपान पुकळे.

"माझी एवढीच तक्रार हाय साहेब," अण्णा मुलीकडे न बघता म्हणाले, "ढग आधी बोरजाईवर आला हुता. म्हणजे आमचा. आमच्या शिवारावरचा ढग उचलून मेव्हण्याच्या डोंगरावर नेऊन वतला, त्याचं काय?"

"पण तुम्हाला पाऊस नकोच होता ना?"

"नको हुता. पर माझा मला नको हुता. त्येला द्या, असं कुठं म्हणलो मी?"

ऐवळे साहेबांनी गंभीरपणे मान हलवली. ढगाच्या मालकीचा प्रश्न त्यांनी मार्गदर्शनासाठी वर पाठवला. तो आता वरच राहील. ढगांची तीच जागा आहे. मामाही मागं राहिला नाही. पाऊस दिल्याबद्दल आभार, पण तो डोंगराच्या पलीकडच्या अंगालाही थोडा सांडला आणि ते पाणी शेजारच्या वाडीला गेलं, ते परत मिळावं, असं त्यानं कळवलं.

भांडण घरात आलं, तेव्हा आईनं ते एका वाक्यात मिटवलं. ती चुलीपुढून उठली नाहीसुद्धा.

"इशे, तुझ्या साहेबाला सांग, अण्णांचा ढग परत मागवा. आन् येईल तसा शेडवर सोडा."

अण्णांनी डब्यातून ओंजळभर बेदाणे काढून कागदात बांधले आणि आईपुढं ठेवले. "हे दे तुझ्या भावाला. म्हशीस्नी घालू नको म्हणावं."

दोन महिने संपले, त्या दिवशी ऐवळे साहेबांनी ईश्वरीला कार्यालयाच्या मधोमध उभं केलं. नदाफबाईंनी पेढे आणले होते. साहेबांनी प्रमाणपत्र वाचून दाखवलं. त्यात तिला सर्वोच्च श्रेणी होती आणि कामगिरी कार्यालयाची नव्हती, तिची होती, स्पष्ट नावानिशी. एवढं सरळ वाक्य शासकीय कागदावर पहिल्यांदाच उमटलं असावं.

"बाळ," प्रमाणपत्र तिच्या हातात देत साहेब म्हणाले, "इतकी वर्षं मी सह्या केल्या. माझ्या सहीनं आजवर कुठं काही भिजलं नव्हतं. मी काल तरसवाडीला जाऊन आलो. तळ्यात हात घालून बघितला. तू पुढं फार मोठी शास्त्रज्ञ होशील. आभाळाच्याही वर जाशील. पण माणसानं निसर्गावर सत्ता मिळवली, ती कशासाठी, याचं उत्तर मला तुझ्यामुळं कळलं."

ईश्वरीनं वाकून नमस्कार केला. नदाफबाईंनी डोळ्याला पदर लावला. साहेब तिला सोडायला दारापर्यंत आले, मागं कुणी नाही ना ते पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"ते तुझं प्रात्यक्षिक... एक पुरवणी ठेवू या का गं, मंगळवारी? बाराच्या आत जमलं तर बरं. ढग तेवढा जरा पलीकडं ढकलायचा. हिनं कुरडयांचे गहू भिजत घातलेत."